विहारसेवेची जुनी गाडी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावर विहार पुन्हा सुरू होतात. चारोटीपासून तलासरी, अच्छाडपर्यंत पहाटे पायी चालणाऱ्या साधु-साध्वीजींच्या मागे श्रावकांची एखादी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर दिवे लुकलुकवत संथपणे येत असते. तीत सोबतच्या मंडळींचे अंथरूण-पांघरूण, शिधा आणि औषधे असतात. पण तिचे खरे काम मागून येणाऱ्या ट्रकांना सावध करण्याचे. ती वाटेत बंद पडली, तर पुढे चालणारे अंधारात उघडे पडतात.

हे काम इंजिनाला किती जड जाते, ते मीटरवर दिसत नाही. १५ किलोमीटरच्या विहारात इंजिन जवळजवळ ४ तास चालते. म्हणून या गाडीचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलावे. थंडीत पायी वेगाने चालणारे डिझेल इंजिन पुरते तापत नाही. इंजेक्टरवर काजळी धरते आणि न जळालेले थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली पाहून चालक निर्धास्त होतो. व्यापाऱ्याला मात्र कळावे, की जमा न करता वाढलेली शिल्लक तपासावी लागते. ऑइलला डिझेलचा वास आला, तर ते लगेच बदलावे. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी अर्धा तास नेहमीच्या वेगाने चालवून आणणेही हितकर.

उन्हाळ्यात उलटे घडते. संथ गाडीच्या रेडिएटरला वारा लागत नाही, सारी भिस्त पंख्याच्या पट्ट्यावर. तो सैल नको. डहाणूच्या खाऱ्या हवेत रेडिएटरची जाळीही लवकर गंजते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी त्यात कधीही घालू नये.

१९८७ साली बजाज टेम्पोने आणलेल्या ट्रॅव्हलरचे इंजिन मूळ मर्सिडीजचे. त्याला टायमिंगची साखळी आहे, पट्टा नव्हे; टॅपेट वेळेवर जुळवले तर ते फार वर्षे साथ देते.

चातुर्मासात उभी राहिलेली गाडी एकदम सुरू करू नये. बॉनेट उघडून जयणेने पाहावे : मुंग्या, पालीची अंडी, उंदरांनी कुरतडलेल्या तारा. डिझेल फिल्टरमधले पाणी काढावे. दिवाळी ते पौर्णिमा हा पंधरवडा या कामाला पुरतो. वहीपूजनाच्या दिवशी गाडीचीही एक वही घालावी; तीत तारीख, इंजिन चालल्याचे तास, भरलेले ऑइल आणि चालकाची सही असावी.