दुर्बीण आठचीच घ्यावी

गळ्यात दुर्बीण दिसली की आमच्या मलकापूरच्या बाजूला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिच्यातून किती दूरचं दिसतं? विचारणाऱ्याच्या मनात आकड्याचा भाव पक्का असतो. दहा पटींची चांगली, बारा पटींची त्याहून चांगली आणि वीसची मिळाली तर विचारायलाच नको. ऑनलाइन बाजारात तर शंभर-शंभर पटींचे दावे करणाऱ्या दुर्बिणी अगदी किरकोळ भावात विकायला असतात. मला इथं नेमकी उलटी बाजू मांडायची आहे. पक्षी आणि वन्यजीव पाहायचे असतील, आणि तेही आपल्या मुलखात, तर सात किंवा आठ पटींची दुर्बीण दहा-बारा पटींच्या दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवते.

आपला मुलूख म्हणजे काय, ते आधी पाहू. मलकापूर नळगंगेच्या काठी, पूर्णेच्या खोऱ्यात. चहूकडे काळी जमीन, कपाशी, तूर, बांधावरच्या बाभळी आणि निंब. उत्तरेला सातपुडा, त्यात अंबाबरवा अभयारण्य आणि पुढे मेळघाट. दक्षिणेला मोताळ्याकडे नळगंगा धरण, मग राजूर घाट चढून बुलढाणा, आणि डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला २०२० साली रामसर यादीत गेलेलं लोणार सरोवर. म्हणजे एकाच दुर्बिणीनं उघडं शिवार, धरणाचं पाणी आणि सागाचं रान अशा तिन्ही ठिकाणी काम करायचं आहे.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ऐंशी मीटरवरचा पक्षी आठच्या दुर्बिणीतून दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहाच्या दुर्बिणीतून आठ मीटरवर. या दोन मीटरांसाठी काय काय द्यावं लागतं, याचा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही.

पहिली किंमत दृश्यपट्ट्याची. निकॉनची मोनार्क एम ५ घ्या. ८×४२ मध्ये हजार मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, त्याच मालिकेतल्या १०×४२ मध्ये ९८ मीटर. क्षेत्रफळात मोजलं तर आठच्या दुर्बिणीत जवळपास तीस टक्के जास्त आभाळ मावतं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या तीस टक्क्यांचं मोल कळेल. भोवत्या शिवारावरून खाली-खाली तरंगत जातो, मध्येच गिरकी घेतो आणि तुरीच्या ओळीआड दिसेनासा होतो. त्यातही पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्लं ओळखणं कठीण. मानेभोवतीचा फिकट पट्टा आणि त्यालगतचा गडद भाग किती ठळक आहे, हे तेवढ्या दोन-तीन क्षणांत पाहायचं असतं. पक्षी आधी दुर्बिणीत सापडला पाहिजे आणि मग सापडलेला राहिला पाहिजे. मोठ्या आकड्याची दुर्बीण इथंच हरते.

दुसरी किंमत हाताच्या थरथरीची. दुर्बीण जितक्या पटींनी पक्षी मोठा करते, तितक्याच पटींनी हाताचा कंपही मोठा करते. आठपर्यंत बहुतेकांचे हात तो सांभाळतात. दहाला काहींचे सांभाळतात. बाराला तिपाई किंवा टेकू लागतो, आणि बांधावरून चालताना तिपाई कोण लावणार?

मग ऊन. खानदेश-विदर्भाच्या सीमेवरचा आपला पट्टा, इथं उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. सकाळ सरली की तापलेल्या काळ्या जमिनीवरून हवा लाटांसारखी हलू लागते. दुर्बीण ती हलणारी हवासुद्धा मोठी करून दाखवते. चंडोलाच्या छातीवरच्या रेघा बाराच्या दुर्बिणीतून मोजायला जाल तर रेघांऐवजी नुसती झळ दिसेल. काच कितीही महागाची असो, याला इलाज नाही.

आणि उजेड. मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास काढणं सोपं आहे: दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये जेमतेम २.५. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा फरक कळत नाही. पण अंधार पडू लागला की तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचच्या आसपास. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ज्ञानगंगेत किंवा अंबाबरव्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर जे बसतात, त्यांना अस्वल आणि रानडुक्कर यांतला फरक चांदण्यात करायचा असतो. तिथं ७×४२ किंवा ८×४२ ला पर्याय नाही.

पटींपेक्षा स्वच्छ प्रतिमा का मोलाची, याचं आपल्याच सातपुड्यातलं उदाहरण म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमनं या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहेगन या पक्षिसंग्राहकानं १९१४ चा म्हणून गुजरातमधला एक नमुना दाखवला होता, त्यामुळे पुढच्या शोधाची दिशाच चुकली. तो नमुना चोरलेला आणि खोट्या नोंदीचा निघाला. जुन्या अस्सल नमुन्यांच्या नोंदींचा माग काढत पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोचले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे तो मेळघाटातही आढळला.

आता अडचण पाहा. गावातला नेहमीचा पिंगळा साधारण २१ सेंटिमीटर, रानपिंगळा २३. आकारावरून निवाडा होणं शक्यच नाही. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नसतात. रानपिंगळ्याच्या शेपटीवरचे पट्टे रुंद आणि ठसठशीत, पोटाचा खालचा भाग पांढरा. ठिपके आहेत की नाहीत, एवढ्यावर सगळं ठरतं. धुरकट काचेतून वीस पटींनी मोठं केलेलं डोकं हा प्रश्न सोडवत नाही. आठ पटींनी पाहिलेलं, कडा धारदार असलेलं, न हलणारं डोकं सोडवतं. रानपिंगळा दिवसाही बराच वावरतो, म्हणजे चांगल्या उजेडात तो पाहण्याची संधी खरोखर मिळते.

पैशाचं बोलू. आठ-दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतचा पट्टा मी मधला धरतो. त्याखालच्या बहुतेक दुर्बिणी निराश करतात, त्यावरच्या उत्तम असतात पण पहिल्या खरेदीला गरजेच्या नाहीत. या पट्ट्यात दोन घडणींमधून निवड करायची. जुनी, खांदे रुंद असलेली पोरो घडण इटलीच्या इग्नात्सिओ पोरोच्या १८५४ च्या पेटंटातून आली. सरळ नळ्यांची रूफ घडण सुटसुटीत, पण तिच्या लोलकात प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येतात आणि त्यात प्रतिमेचा ठसठशीतपणा कमी होतो. त्यावरचा फेज-करेक्शनचा लेप झाइस कंपनीनं १९८८ मध्ये आणला. आज रूफ दुर्बीण घेताना हा लेप आहे का, हे आधी विचारावं.

कमी पैशांत पोरो घडण जास्त चांगली प्रतिमा देते. ऑलिम्पसची ८×४० डीपीएस-१ हजार मीटरवर १४३ मीटर दाखवते, निकॉनची अॅक्युलॉन ७×३५ तर १६३ मीटर. पण या दुर्बिणी पाण्यापासून बंदिस्त नाहीत आणि चष्मेवाल्यांच्या सोयीच्या नाहीत. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती मागे ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, निदान १५ मिलिमीटर हवं. या दोन्हींत ते १२ च्या आसपासच आहे. म्हणून चष्मा असलेल्यानं आणि पावसाळ्यात रानात जाणाऱ्यानं थोडे थांबून, पैसे साठवून, नायट्रोजन भरलेली बंदिस्त ८×४२ रूफ दुर्बीण घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन सोसत नसेल तर ८×३० किंवा ८×३२. त्या कमी उजेडात थोड्या मागे पडतात, पण दिवसभर गळ्यात राहतात.

मुलांसाठी घेत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. बऱ्याच दुर्बिणींच्या दोन नळ्या ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत. लहान मुलाच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असतं, मग त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि ते बिचारं काही न बोलता दुर्बीण परत करतं.

मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. नवी दुर्बीण हाती आली की आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळच्या कड्यानं तीच वस्तू स्पष्ट करा. कड्यावरची खूण लक्षात ठेवा, कारण घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी येईल. धूळ फुंकणीनं उडवा, रुमालानं घासू नका, आपल्या मातीचे कण काचेवर चरे पाडतात. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. एवढं झालं की नळगंगेच्या धरणावर जा. पाण्यावर थापट्या आणि तलवार बदकं असतील, काठावर शेकाटे, आणि आठच्या दुर्बिणीत तो सगळा थवा एकदम मावेल.