घरातली व्यायामाची सायकल : घ्यावी का, आणि कोणती घ्यावी?

आपल्या सभासदांपैकी अनेकांचे आईवडील गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात किंवा नगरपालिकेच्या कामावर उभ्या पायांनी राबले. त्यांना व्यायाम म्हणून वेगळे काही करावे लागले नाही. त्यांच्या कष्टांवर शिकलेली पिढी मात्र बँकेत, मंत्रालयात, शाळेत, विमा कार्यालयात खुर्चीवर बसली, आणि तिसरी पिढी आता संगणकासमोर किंवा अभ्यासिकेत दहा-दहा तास बसून आहे. ही प्रगतीच आहे, याबद्दल वाद नाही. परंतु शरीराला ती फुकट मिळालेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांमध्ये शंभरामागे अकरांहून अधिक.

बसून राहण्याचा हृदयाशी संबंध काय, हे प्रथम ठळकपणे दाखवून दिले ते लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील बसचालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. गाडी एकच, पगार आणि वस्तीही साधारण सारखी. परंतु दिवसभर बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. व्यायामासाठी मल्ल व्हावे लागत नाही, जिना पुरतो, एवढे तरी आम्ही त्यातून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले मापही आवाक्याबाहेरचे नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

आता प्रश्न येतो सायकलीचा. ज्यांच्या घराजवळ मैदान आहे, पहाटे मोकळा रस्ता आहे आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांनी ही सायकल घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चालणे फुकट आहे. परंतु सर्वांचीच स्थिती अशी नसते. पावसाळ्याचे चार महिने चालणे बंद पडते. कित्येक वस्त्यांत पदपथ म्हणून जे काही असते त्यावर दुकाने आणि दुचाकी उभ्या असतात. घरातील बाईला सकाळचा डबा, पाणी आणि मुलांची शाळा उरकून मोकळीक मिळते ती दुपारी दोनला किंवा रात्री दहाला. त्या वेळी ती चालायला कोठे जाणार? आणि ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार सोसावा लागतो, तर सायकलीवर तो भार सीट घेते. गुडघ्याच्या संधिवातात डॉक्टर सायकल सुचवतात ते यासाठीच. अशा घरांसाठी हा खर्च योग्य आहे.

बाजारात उभ्या बैठकीच्या सायकली प्रामुख्याने तीन प्रकारच्या दिसतात, आणि त्यांतला फरक पायाला विरोध कसा निर्माण होतो एवढ्यापुरताच आहे. पहिल्या प्रकारात फिरणाऱ्या जड चाकावर नमद्याचा तुकडा किंवा पट्टा दाबला जातो. हा प्रकार स्वस्त असतो, पण घासणारी वस्तू झिजते, कुरकुरते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे पंख्याची सायकल, जिला दुकानदार ‘एअर बाईक’ म्हणतात. तिचे चाक म्हणजे मोठा पंखाच असतो. जितके जोरात मारावे तितका वारा अधिक अडवतो. हातांचे दांडेही पुढेमागे हलत असल्याने हातांनाही काम मिळते. मात्र तिचा आवाज घरभर होतो. (भारतात पंख्याऐवजी नुसता पट्टा लावलेल्या सायकलीही याच नावाने विकल्या जातात, म्हणून नावावर न जाता चाक पाहावे.)

तिसरा प्रकार चुंबकाचा, आणि घरासाठी आम्ही हाच सुचवू. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. धातूचे चाक चुंबकाजवळून फिरू लागले की त्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते प्रवाह ज्या गतीमुळे निर्माण झाले त्या गतीलाच विरोध करतात. बारावीच्या पुस्तकातला लेन्झचा नियम तो हाच. जुन्या वीजमीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरताना आपण पाहत असू. तिला आवरून धरणारा चुंबकही याच तत्त्वावर काम करत असे. सायकलीवरील गोल खटका फिरवला की आतली तार चुंबकाला चाकाच्या जवळ आणते किंवा दूर नेते. चुंबक चाकाला स्पर्शच करीत नाही. म्हणून झीज नाही, आवाज नाही, आणि हाताने खटका फिरवण्याच्या साध्या सायकलीला वीजही लागत नाही. पडद्यासाठी दोन पेन्सिल सेल पुरतात.

खटक्यावर आठ अंक आहेत की सोळा, याला मात्र फार महत्त्व देऊ नये. एका कंपनीचा ‘आठ’ दुसऱ्या कंपनीच्या ‘चार’इतका हलका असू शकतो. खटका शेवटच्या अंकावर ठेवून दोन मिनिटे मारून पाहावे. तेथेही पाय सहज फिरत असतील तर तरुण मुलाला ती सायकल महिनाभरात अपुरी पडेल. साठीच्या माणसाला कदाचित पुरेल.

चाकाचे वजन हा दुसरा मुद्दा. स्वस्त सायकलींत ते साधारण चार ते सहा किलो असते. पायडल वरच्या आणि खालच्या टोकाला आले की पायाचा जोर क्षणभर तुटतो; त्या वेळी जड चाक आपल्या वेगाने पुढे ओढून नेते आणि फेरा गुळगुळीत होतो. हलक्या चाकाला ते जमत नाही आणि गुडघ्याला प्रत्येक फेऱ्यात हिसका बसतो. तेव्हा जाहिरातीतील आकडा वाचण्यापेक्षा अगदी हळू, मिनिटाला चाळीसेक फेरे मारून पाहावे. हिसका जाणवला तर ती सायकल दुखऱ्या गुडघ्यासाठी नव्हे. चाकाला गती साखळीने जाते की पट्ट्याने, हेही विचारावे. पट्टा शांत असतो व त्याला तेल लागत नाही. खालच्या मजल्यावर शेजारी राहतात याचा विसर पडू नये.

आता जागेचे पाहू. बी.डी.डी. चाळीतली मूळ खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात माणसांनाच जागा नव्हती. पुनर्विकासात तेथील कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मंजूर आहेत आणि वरळीत २०२५ साली त्यांतल्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातील घरे मात्र याहून बरीच लहान आहेत. उभ्या सायकलीला जमिनीवर साधारण साडेतीन फूट लांब व पावणेदोन फूट रुंद जागा लागते, शिवाय चढण्या-उतरण्यासाठी एका बाजूस दोन फूट. खरेदीपूर्वी वर्तमानपत्र पसरून तेवढी जागा दोन दिवस अडवून पाहावी. रात्री अंथरुणे घालता येतात का, कपाटाचे दार उघडते का, हे लगेच कळते. घडी होणाऱ्या सायकलीही मिळतात. जागा अगदीच कमी असेल तर त्या ठीक, परंतु त्या हलक्या असतात व वजनदार माणूस बसला की डुलतात. प्रत्येक सायकलीवर वजनाची मर्यादा दिलेली असते, बहुधा १०० ते १२० किलो. आपले वजन त्या मर्यादेपेक्षा पंधरा-वीस किलोंनी कमी असावे, असा आमचा आग्रह आहे. अगदी काठावर राहू नये.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते उंचीकडे. सायकल घ्यायला बहुधा घरातले पुरुष जातात, स्वतः बसून पाहतात आणि घेऊन येतात. मग चार फूट दहा इंच उंचीच्या आईचे पाय सर्वांत खालच्या खाचेतही पायडलला पुरत नाहीत. जिच्या गुडघ्यांसाठी पैसे खर्च झाले तिलाच ती सायकल निरुपयोगी ठरते. दुकानात जाताना घरातली सर्वांत ठेंगणी आणि सर्वांत उंच अशा दोन्ही व्यक्ती बरोबर न्याव्यात. सीट लावण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल तळाला न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे. नंतर पायाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तीच योग्य उंची. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागते. फार वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे हलते. साडीचा पदर व ओढणी खोचूनच बसावे. लहान मुले असलेल्या घरात उघड्या चाकाची सायकल आणूच नये. चाक पूर्ण झाकलेले हवे.

पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरींबद्दल थोडा हिशेब मांडतो. नवखा माणूस साधारण ५० वॅट इतक्या शक्तीने अर्धा तास पायडल मारतो असे धरू. ५० गुणिले १८०० सेकंद, म्हणजे ९०,००० ज्यूल, म्हणजेच सुमारे साडेएकवीस किलोकॅलरी काम झाले. परंतु आपले शरीर खर्च केलेल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाहूनही थोडे कमीच काम पायडलवर उतरवते, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे शरीराचा खर्च झाला सुमारे शंभर किलोकॅलरी. एका मध्यम पोळीइतका. स्वस्त सायकलीला आपले वय, वजन, श्रम यांतले काहीच नीट ठाऊक नसते. तिने तीनशे आकडा दाखवला म्हणून वडापाव खाऊ नये. वजन उतरवण्याचे खरे काम ताटात होते. सायकलीचा लाभ हृदयाला, रक्तातील साखरेला, रक्तदाबाला आणि झोपेला होतो, आणि तो वजनकाट्यावर दिसला नाही तरी होत असतो.

किती जोर लावावा, हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. मारताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरे. हृदयविकार असलेल्यांनी, छातीत भरून येणाऱ्यांनी किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. त्यांनी उपाशीपोटी मारू नये आणि हाताशी साखर ठेवावी.

विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट सांगणे जरूर आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सायकलीने दम वाढतो, परंतु धावण्याचा सराव धावूनच होतो; हाडांना जो आघात सोसायची सवय लागते ती सीटवर बसून लागत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र दोन बैठकांच्या मध्ये वीस मिनिटे सायकल उत्तम.

किमतीबाबत म्हणाल तर चुंबकाची साधी उभी सायकल साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळते. त्याहून स्वस्त असेल तर वजनमर्यादा आणि सांधे विशेष तपासावेत. त्याहून महाग सायकलींत बहुतांश पैसा पडद्याला आणि मोबाईलच्या जोडणीला जातो. आमच्या मते सर्वांत चांगला सौदा जुन्या सायकलीचा होय. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी हौसेने घेतल्या आणि पुढे त्यांवर टॉवेल वाळत पडले. चुंबक झिजत नसल्याने अशी सायकल निम्म्या किमतीत घ्यायला हरकत नाही. मात्र स्वतः बसून पाहावे. पायडलचा दांडा हाताने बाजूला हलवून पाहावा, खिळखिळा नसावा. सीटच्या नळीला घामाने गंज चढलेला नसावा. खटका फिरवल्यावर विरोध खरोखर कमीजास्त झाला पाहिजे. होत नसेल तर आतली तार तुटलेली असते, पण ती बदलता येते. नवी घेताना आपल्या तालुक्यात दुरुस्तीला माणूस येतो का, हे विचारून बिल जपून ठेवावे. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

सायकल खोक्यातून सुटी येते आणि घरीच जोडावी लागते. येथे एक बारकावा आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या दिशेने बसते, डावे त्याच्या विरुद्ध. पायडलांवर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेले असते ते पाहून आधी हातानेच फिरवावे, सहज आत गेले तरच पाना लावावा. जोर करून चुकीचे बसवले तर दांड्याचे आटे जातात, आणि ते सहसा वॉरंटीत बसत नाही. पायडल, सीट, बेअरिंग यांची कामे गल्लीतला सायकलवालाही करू शकतो. खाली जुनी सतरंजी किंवा रबराची चटई घालावी, दर वेळी घाम पुसावा, महिन्यातून एकदा सगळे नटबोल्ट आवळावेत.

काही सभासद विचारतात की अभ्यासिकेत सर्वांसाठी मिळून एक सायकल ठेवली तर? कल्पना चांगली आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात अर्ध्या-अर्ध्या तासाने सहा जणांचा व्यायाम होईल. परंतु घरगुती सायकलीची वॉरंटी बहुधा घरगुती वापरापुरतीच असते, आणि रोज सहा वेगवेगळ्या वजनांची माणसे तिच्यावर बसली तर ती फार दिवस टिकणार नाही. त्यासाठी व्यायामशाळेच्या दर्जाची, जुनी का होईना पण भक्कम सायकल पाहावी लागेल, आणि ती रोज पुसण्याची पाळी कोणाची, हे आधी ठरवावे लागेल.