साक्षीला तुमचेच शब्द

५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, कॉरिंथियन हॉलमध्ये, फ्रेडरिक डग्लस बोलायला उभे राहिले. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आदल्याच दिवशी होऊन गेला होता. गुलामगिरीविरोधी काम करणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेने त्यांना बोलावलं होतं, समोर पाच-सहाशे माणसं होती आणि सभा त्यांच्या बाजूचीच होती. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले आणि १८३८ मध्ये पळून उत्तरेत आले. अशा वक्त्याने आपल्या हालअपेष्टा सांगाव्यात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवावेत, अशीच सभेची अपेक्षा असणार. डग्लस यांनी सुरुवात केली ती अमेरिकेच्या संस्थापकांच्या कौतुकाने. ते शूर होते, अन्यायाला न भिणारे होते, असं त्यांनी मोकळ्या मनाने सांगितलं. मात्र सबंध कौतुकात एक गोष्ट त्यांनी सांभाळली. पूर्वज तुमचे, राष्ट्र तुमचं, सण तुमचा. श्रोते सुखावत होते आणि त्याच वेळी वक्ता एकेक पाऊल त्यांच्यापासून दूर सरकत होता. मग त्यांनी विचारलं की या सणात गुलामाचं काय आहे, आणि तोवर सभेला पळवाट उरली नव्हती. ज्या तत्त्वांवर तिने नुकतीच मान डोलावली होती, तीच तिच्यासमोर पुरावा म्हणून मांडली गेली.

मानवी हक्कांवरची गाजलेली भाषणं वाचताना मला पुन्हा पुन्हा हाच डाव दिसतो. वक्ता दया मागत नाही. समोरच्याने कधीतरी दिलेला शब्द तो बाहेर काढतो आणि त्याची वसुली मागतो.

डग्लस यांच्या भाषणातली दुसरी खुबी त्याहून धारदार आहे. गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करायचं का, असं विचारून ते साफ नकार देतात. नकार देता देता मात्र पुराव्यांचा ढीग रचतात. व्हर्जिनियात काळ्या माणसाला ७२ गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा आहे आणि त्यांतल्या फक्त दोन गुन्ह्यांसाठी ती गोऱ्याला आहे. गुलामाला वाचायला शिकवू नये म्हणून दक्षिणेत कायदे आहेत. शेतातल्या जनावरांसाठी असे कायदे कुणी केले आहेत का? म्हणजे गुलाम माणूस आहे हे कायदा करणाऱ्यांनीच मान्य केलं आहे. आपलं माणूसपण सिद्ध करत बसणं हाच अपमान आहे, हे ते न सांगता कळतं. राग, उपरोध, आकडे आणि बायबल यांची अशी वीण त्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्या भाषणात मला सापडलेली नाही.

त्याआधी एक वर्ष, मे १८५१ मध्ये, ओहायोतल्या ॲक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथ बोलल्या. पुरुषाइतकी कामं मी केली आहेत, नांगरलं आहे, कापणी केली आहे, लाकडं फोडली आहेत, असा त्यांचा रोख होता. इथे पुरावा म्हणून उभं होतं ते बोलणाऱ्या बाईचं शरीर. पण या भाषणाचा अभ्यास जपूनच करावा लागतो. महिन्याभरात वर्तमानपत्रात छापलेल्या वृत्तान्तात 'मी बाई नाही का?' हा प्रसिद्ध, पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न नाहीच. तो येतो १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी लिहिलेल्या आठवणीत, आणि तिथे ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातलेली आहे. प्रत्यक्षात त्या न्यूयॉर्क राज्यात वाढल्या आणि त्यांची बालपणीची भाषा डच होती. पीडिताने कसं बोलावं हेही त्याच्या हितचिंतकांनी ठरवावं, याचं मला फार वाईट वाटतं. गेज यांचा हेतू चांगला होता, तरीही.

अमेरिकेतल्या या लढ्याचा धागा महाराष्ट्रात लवकर पोचला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पण या तऱ्हेचं थोर भाषण मराठीत झालं ते महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी.

त्याची पार्श्वभूमी ठाऊक असल्याशिवाय भाषणाची ताकद कळत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं ठरावाने जाहीर केलं होतं. शब्द दिलेला होता, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मग त्यांच्यावर हल्ले झाले. सनातन्यांनी पंचगव्याने तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो माणसं जमली तेव्हा तळ्यावर जाण्याविरुद्ध कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आलेला होता.

एवढ्या तापलेल्या सभेपुढे बाबासाहेबांनी पाण्याचं महत्त्वच काढून घेतलं. या तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नाही आणि प्यालो म्हणून अमर होणार नाही, असा त्यांचा सूर होता. तळ्यावर जायचं ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सांगायला. स्पृश्य अडवतात तेही पाणी बाटेल म्हणून नव्हे. पाणी भरू दिलं तर बरोबरी कबूल केल्यासारखं होईल म्हणून. विरोधकाचं सांगितलेलं कारण बाजूला सारून त्याचं खरं कारण त्याच्याच वागण्यातून उघड करण्याची ही रीत डग्लस यांच्याशी थेट नातं सांगते.

त्यानंतरची झेप आजही थक्क करते. कोकणातल्या एका गावी, मांडवात बसलेल्या, अनेकांना अक्षरओळखही नसलेल्या माणसांना त्यांनी १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेची उपमा दिली. ही तुलना अतिशयोक्ती वाटेल हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी तिचं समर्थनही तिथेच केलं. श्रोत्यांना त्यांनी एका गावच्या भांडणातून उचलून जगाच्या इतिहासात बसवलं. परिषदेने मग माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. मराठी वक्तृत्वाचे गोडवे गाताना आपण नाट्यसंगीतासारखी पल्लेदार वाक्यं आठवतो. महाडचं भाषण मात्र वकिलासारखं मुद्द्याला धरून चालतं. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. लिंकनच्या स्मारकापुढे अडीच लाख लोकांसमोर किंग यांनी आधी हिशेब मांडला होता. राष्ट्राने कृष्णवर्णीयांना लिहून दिलेली हुंडी खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आली आहे आणि आम्ही ती वटवायला राजधानीत आलो आहोत, असं ते रूपक. स्वप्नाचा भाग त्या दिवशीच्या लिखित मसुद्यात नव्हता. मागे बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी स्वप्नाचं सांगा, असं ओरडून सुचवलं आणि आधी डेट्रॉइटला वापरलेला तो पल्ला किंग यांनी पुन्हा उचलला. शाळांमधून फक्त स्वप्न ऐकवतात. हुंडी वगळली की ते स्वप्न गोड होतं आणि कुणालाच काही देणं लागत नाही.

पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९६४ ला, प्रिटोरियाच्या न्यायालयात नेल्सन मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यातून सुमारे तीन तास बोलले. उलटतपासणीला सामोरी जाणारी साक्ष न देता त्यांनी निवेदन वाचलं. सुरुवात अगदी कोरडी आहे. मी पहिला आरोपी, माझी पदवी ही, मी वकिली केली. घातपाताची आखणी केल्याचं तर ते लगेच कबूल करतात. आरोपच मान्य केल्यावर खटल्याचा विषय बदलतो आणि तपासणी सरकारची सुरू होते. मॅग्ना कार्टा आणि ब्रिटिश संसद यांच्याबद्दलचा आदरही ते बोलून दाखवतात, म्हणजे मापं पुन्हा समोरच्याचीच. शेवटी मरणाच्या तयारीचं वाक्य आहे. त्याने न्यायाधीशाला फाशीचं आव्हान दिल्यासारखं होईल, अशी वकिलांना भीती वाटत होती. त्यांच्यातल्याच जॉर्ज बिझोस यांच्या सूचनेवरून त्यात 'गरज पडलीच तर' अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. १२ जूनला शिक्षा झाली ती जन्मठेपेची.

बीजिंगच्या १९९५ च्या महिला परिषदेत हिलरी क्लिंटन यांनी 'हे मानवी हक्कांचं उल्लंघन आहे' या एकाच धृपदाखाली अत्याचारांची यादी वाचली. त्यात हुंडा कमी पडला म्हणून जाळल्या जाणाऱ्या बायकाही होत्या. देशाचं नाव घेतलं नव्हतं. आपल्याला ते सांगावं लागलं नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. तोवर बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या कागदांवर बोट ठेवलं होतं. या वेळी कागद त्यांच्या हातून घडलेला होता. आधी त्यांनी मसुद्यावर काम केलेल्या बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलं आणि सभागृहातल्या शिस्तीबद्दल काँग्रेसचीही वाखाणणी केली. त्यानंतर इशारे आले. २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिने पिडलेले लोक या सभेने कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. सभा अभिनंदनाच्या भरात असताना त्यांनी संविधानाच्या पहिल्या दिवसापासूनची थकबाकी सांगितली, आणि देणेकऱ्यांच्या यादीत स्वतःलाही धरलं. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकृत झालं.