ठिबकचं काम येतं, पण कागद आहे का? सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र कसं मिळतं

वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत ठिबकच्या नळ्या जोडणारे, तुंबलेले ड्रिपर मोकळे करणारे तरुण गावोगाव आहेत. हाताला काम येतं, पण ते येतं असं सांगणारा कागद अनेकांकडे नाही. ‘सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ’ हे प्रमाणपत्र त्यासाठीच आहे. त्याचा अभ्यासक्रम ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिल ऑफ इंडियाने ठरवला आहे.

नवख्यांना पूर्ण प्रशिक्षण घ्यावं लागतं. आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी ‘आरपीएल’चा मार्ग आहे. त्यात थोडी उजळणी करून घेतात आणि थेट परीक्षा होते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या बॅचमध्ये उमेदवाराला फी नसते. त्यामुळे कुणी पैसे मागितले, तर ती बॅच नेमकी कोणत्या योजनेतली, हे आधी विचारा. जवळचं केंद्र ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर शोधता येतं.

परीक्षेत काय बघतात?

लेखी भाग असतो, पण खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. फिल्टर साफ करणं, दाब तपासणं, गळती शोधणं हे करून दाखवावं लागतं. एक साधी चाचणी घरच्या बागेतही करता येते. ताशी 4 लिटरचा ड्रिपर असेल, तर त्याखाली भांडं ठेवा. 15 मिनिटांत 1 लिटर पाणी यायला हवं. पहिल्या झाडाला 1 लिटर आणि शेवटच्याला अर्धाच आला, तर दोष दाबात आहे की नळीत, हे ओळखणारा तो तंत्रज्ञ. क्षार साचून ड्रिपर तुंबले, तर ॲसिड प्रक्रिया करावी लागते. तिथे चूक चालत नाही: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातल्या भागात तर हे काम आणखी नाजूक. पूर्णा खोऱ्यातलं भूजल खारं आहे. पाण्याची तपासणी न करता संच बसवला, तर ड्रिपर तुंबतात आणि ओलाव्याच्या कडेला मीठ साचतं. इथे ‘आधी पाणी तपासा’ असं सांगून काम थांबवणारा तंत्रज्ञ शेतकऱ्याचे पैसे वाचवतो.

कमाई कुठे आहे?

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोकरी पक्की, असं नाही. केंद्र आणि राज्याच्या योजना मिळून ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान मिळतं. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण हे अनुदान संच बसवण्यापुरतं. पुढच्या वर्षांची साफसफाई, दुरुस्ती शेतकऱ्याच्या खिशातून होते. गावातल्या तंत्रज्ञाला काम मिळतं ते इथे. हंगामाआधी पंधरा-वीस बागांची देखभाल ठरवून घेतली, तर विक्रेत्याच्या फोनची वाट पाहत बसावं लागत नाही.

नोंदणीला जाताना आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर सोबत ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो.