टीसाइडचा पोलादवाला खासदार

लंडनहून उत्तरेकडे निघाले की बहुतेक वेळा डार्लिंग्टनला गाडी बदलावी लागते. तिथून दोन-तीन डब्यांची एक गाडी टीज नदीच्या दिशेने मिडल्सबरोला आणून सोडते. पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. पण सिडनीच्या बंदरावरचा तो प्रसिद्ध कमानी पूल इथल्या डॉर्मन लाँग कंपनीने बांधला आणि त्याचे बरेचसे पोलादही इथूनच गेले. 1850 मध्ये जवळच्या एस्टनच्या टेकड्यांत लोहखनिज सापडले आणि भट्ट्यांभोवती शहर उभे राहिले. या गोऱ्या, कामगारवस्तीच्या, स्वतःच्या तोऱ्यात राहणाऱ्या मुलखाने हरिद्वारला जन्मलेल्या एका केमिकल इंजिनिअरला चार वेळा पार्लमेंटात पाठवले, आणि एकदा पाडलेही.

डॉ. अशोक कुमार यांचा जन्म 1956 चा. शाळकरी वयात ते इंग्लंडला आले, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातून केमिकल इंजिनिअर झाले, पीएच.डी. केली, काही वर्षे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात संशोधन केले आणि 1985 मध्ये ब्रिटिश स्टीलच्या संशोधन विभागात टीसाइडला, म्हणजे टीज नदीकाठच्या या भागात, रुजू झाले. दोनच वर्षांत मिडल्सबरोचे नगरसेवक. दिवसा पोलाद आणि संध्याकाळी कौन्सिलची बैठक, असा क्रम.

इथली निवडणूक कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. उमेदवार ठरवण्यात लंडनच्या पक्षश्रेष्ठींचा हात नसतो असे नाही; पण मतदारसंघातल्या वर्गणीदार सभासदांसमोर उभे राहून त्यांची मते मिळवावी लागतात. तिथे दारोदार पत्रके वाटलेला माणूस पुढे जातो. जन्माने ब्रिटिश असण्याची अट नाही. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला, इथे राहण्याचा हक्क असेल तर, मतही देता येते आणि उभेही राहता येते. आपल्या दादाभाई नौरोजींनी 1892 मध्ये लंडनमधून याच पार्लमेंटात प्रवेश केला तो काही चमत्काराने नव्हे.

तरीही 1991 ची गोष्ट वेगळी. 1987 मध्ये चार कृष्णवर्णीय व आशियाई खासदार निवडून आले होते. त्यातले तिघे लंडनचे, चौथे कीथ वाझ लेस्टरचे. म्हणजे स्थलांतरितांची दाट वस्ती असलेल्या शहरांतले. नोव्हेंबर 1991 मध्ये टीसाइडमधल्या लँगबरोची पोटनिवडणूक लागली. ही जागा हुजूर पक्षाची, आशियाई मतदार हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. कुमार यांनी ती मजूर पक्षाकडे खेचून आणली. माझ्या मते हे श्रेय इथल्या मतदारांच्या उदारपणाला जितके, त्याहून अधिक उमेदवाराच्या पगाराच्या पाकिटाला: ते पाकीट ब्रिटिश स्टीलचे होते.

पाच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली आणि हुजूर पक्षाच्या मायकेल बेट्स यांनी त्यांना हरवले. माजी खासदार म्हणून मिरवायला वेळ नव्हता. कुमार पुन्हा प्रयोगशाळेत गेले. 1997 मध्ये मतदारसंघाची फेररचना होऊन नाव झाले मिडल्सबरो साउथ अँड ईस्ट क्लीव्हलँड. समोर पुन्हा बेट्सच. या वेळी कुमार दहा हजारांहून अधिक मतांनी आले, आणि पुढे मरेपर्यंत ती जागा त्यांचीच राहिली.

ते मंत्री कधीच झाले नाहीत. मंत्री हिलरी बेन यांचे संसदीय सहायक होते. हे पद बिनपगारी, मंत्र्याचे कान आणि डोळे सभागृहात ठेवणारे. विज्ञान आणि उद्योग या विषयांच्या समित्यांवर त्यांनी काम केले. वकील आणि पक्षाचे कार्यकर्ते यांनी भरलेल्या त्या सभागृहात केमिकल इंजिनिअर शोधावा लागे. खासदाराचे खरे काम मात्र आठवड्याच्या शेवटी, मतदारसंघात. त्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात, डॉक्टरच्या दवाखान्यालाही हाच शब्द. एखाद्या सभागृहात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत खासदार टेबल मांडून बसतो. कुणाच्या घराला ओल आलेली असते, कुणाचा भत्ता अडलेला असतो. हार नाहीत, नमस्काराला वाकणे नाही, आणि खासदाराच्या मागे उभी असलेली चार धिप्पाड माणसेही नाहीत. आपल्याकडच्या जनता दरबारातून येणाऱ्याला चुकल्यासारखे वाटेल.

आता दुखरी जागा. 2007 मध्ये टाटा स्टीलने ब्रिटिश स्टीलची वारस कंपनी कोरस विकत घेतली. म्हणजे टीसाइडच्या रेडकार भट्टीचा मालक मुंबईत, आणि शेजारच्या मतदारसंघातला खासदार हरिद्वारचा. भट्टी रेडकारला असली तरी कामगार आजूबाजूच्या गावांत राहत. मंदीत इथल्या पोलादाचा मोठा दीर्घ मुदतीचा करार परदेशी ग्राहकांनी 2009 मध्ये मोडला. कुमार आणि शेजारचे खासदार सरकारच्या मागे लागले, सभागृहात प्रश्न विचारत राहिले. फेब्रुवारी 2010 मध्ये भट्टी थंड करण्यात आली. सुमारे 1,600 कामगारांचा रोजगार गेला. प्रयोगशाळेत पोलादाचा अभ्यास करता येतो. जागतिक बाजारात त्याचे गिऱ्हाईक पार्लमेंटातून आणता येत नाही, हे त्या इंजिनिअरला इतरांपेक्षा लवकर कळले असणार.

त्यानंतर महिनाभरातच, 15 मार्चला, कुमार मार्टनमधल्या घरी वारले. वय 53. हे मार्टन म्हणजे जग धुंडाळायला निघालेल्या कॅप्टन जेम्स कुकचे जन्मगाव. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आल्याने पोटनिवडणूक झाली नाही. मे महिन्यात जागा मजूर पक्षाकडेच राहिली. 2017 मध्ये ती हुजूर पक्षाने जिंकली, 2024 मध्ये पुन्हा मजूर पक्षाने.

भट्टी एका थाई कंपनीने 2012 मध्ये पुन्हा पेटवली, ती 2015 मध्ये कायमची विझली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर फिरायला आलात आणि सॉल्टबर्नच्या वाळूतून वायव्येकडे पाहिलेत, तर आता तिथे काही दिसणार नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये ती सुरुंग लावून पाडली.