संशोधनाची कागदपत्रं : शकात अठ्ठ्याहत्तर मिळवताना

संदर्भसूचीत आडनाव आधी घ्यायचं की नाव, हा विषय आज घ्यायचा होता. तो पुढं ढकलतो, कारण सोलापूरहून एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न मला जास्त निकडीचा वाटला. तिला प्रबंधासाठी एक जुनं पुस्तक सापडलं आहे. त्याच्या शीर्षकपानावर ‘शके १८३१’ एवढंच छापलंय, इसवी सन कुठंच नाही. मार्गदर्शकांनी सांगितलं की सूचीत वर्ष इसवी सनात हवं. तिनं शकात ७८ मिळवले आणि १९०९ लिहिलं. ‘एवढं पुरे ना?’ असं ती विचारते.

नाही, पुरे नाही. शके १८३१ हे वर्ष १९०९च्या पाडव्याला सुरू झालं आणि १९१०च्या पाडव्याच्या आदल्या दिवशी संपलं. पुस्तक आषाढात निघालं असेल तर १९०९ बरोबर, माघात निघालं असेल तर १९१० बरोबर. शीर्षकपान महिना सांगत नाही, म्हणून आपणही तो माहीत असल्यासारखं लिहायचं नाही. सूचीत ‘शके १८३१ [१९०९-१०]’ असं जावं. छापलेलं वर्ष आधी, आपण काढलेलं चौकटी कंसात. कोणी म्हणेल, १९०९-१० असं लिहिलं तर ग्रंथ दोन वर्षांत मिळून छापला असं वाटेल. शेजारी शक उभा असला की तसं वाटत नाही, म्हणून तर तो गाळायचा नाही. लेखक-वर्ष पद्धतीनं मजकुरात कंस देत असाल तर तिथंही १९०९-१० चालतं.

प्रस्तावनेचं शेवटचं पान मात्र जरूर पाहावं. जुने लेखक तिथं गाव आणि तिथी घालत. ‘फाल्गुन शुद्ध’ असं काही दिसलं तर पुस्तक त्याआधी बाहेर पडलेलं असण्याचा संभव कमी होतो. पण ती तिथी प्रस्तावनेची आहे, प्रकाशनाची नव्हे. तिच्यावरून काही ठरवलंत तर तसं टिपेत सांगा.

७८ मिळवण्याची सवय शाळेपासूनची आहे आणि वर्षाचे नऊ महिने ती बरोबर चालते. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ७८ मिळवा, १६७४ येतं. पण शिवजन्माची जेधे शकावलीतली तिथी घ्या : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवलेत तर १६२९ येईल, आणि आपण सगळे १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. संभाजीराजांचा मृत्यू फाल्गुन अमावास्या, शके १६१०, म्हणजे मार्च १६८९. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. एक जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. माघ आणि फाल्गुन यांची शंका नाही. पौष मात्र दर वर्षी वेगळ्या ठिकाणी दुभंगतो, कधी मार्गशीर्षाचा शेवटही जानेवारीत जातो, तिथं तिथी-तारखांची जंत्री उघडण्याला पर्याय नाही. मोडकांची जंत्री, खऱ्यांची जंत्री, स्वामीकन्नू पिल्लईंचं इंडियन एफेमेरीस, यांतलं जे जवळच्या ग्रंथालयात असेल ते.

एका वर्षाच्या फरकानं असं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी शके १५८५ हे एकच वर्ष बारकाईनं पाहू. चैत्र शुद्ध अष्टमीला लाल महालात शाएस्ताखानावर छापा पडला. ही ५ एप्रिल १६६३. त्याच शकाच्या पौषात शिवाजी महाराज सुरतेवर गेले. हा जानेवारी १६६४. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्यानं सुरतेच्या नोंदीतल्या शकात ७८ मिळवले आणि ‘पौष म्हणजे जानेवारी’ एवढं ध्यानात ठेवलं. त्याला मिळेल जानेवारी १६६३. तो शहाणा आहे, एका साधनावर विसंबत नाही, म्हणून इंग्रजांच्या सुरत वखारीची पत्रं काढतो. तिथंही त्याला जानेवारी १६६३ असं लिहिलेलं सापडू शकतं! कारण इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. १७५२पासून ते १ जानेवारीला आलं. तोवर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस मागच्या सालात मोजले जात. काळजीपूर्वक लिहिणारा १६६३/६४ असा जोडआकडा घाली, पण प्रत्येक जण घालतोच असं नाही.

म्हणजे दोन साधनं, दोन भाषा, एकमेकांशी संबंध नसलेले दोन लेखक, आणि दोघांकडून एकच चुकीचं साल. संशोधकाला यापेक्षा मोठा धोका मला माहीत नाही. दोन साक्षी जुळल्या की आपण निर्धास्त होतो आणि पुढची तपासणी थांबवतो. मग सुरत लाल महालाच्या आधी जाऊन बसते. शाएस्ताखानाच्या स्वारीनं मुलूख नासला, खजिन्याला ओढ लागली, म्हणून महाराज सुरतेकडे वळले, ही सगळी कारणमीमांसा उलटीपालटी होते. टिपेत ‘पौष, शके १५८५’ आणि ‘जानेवारी १६६३ (मूळ पत्रातील साल)’ असं जसंच्या तसं लिहिलेलं असेल, तर पुढचा वाचक निदान ती गाठ सोडवू शकतो. नुसतं ‘१६६३’ लिहिलं असेल तर गाठ दिसतच नाही.

इंग्रजांच्या दिवसातही फरक आहे, हे याच ओघात सांगून टाकतो. ते जुन्या, ज्यूलियन गणनेवर होते. पोर्तुगालनं १५८२मध्येच नवी गणना घेतली. त्यामुळं सतराव्या शतकातला गोव्याचा पोर्तुगीज कागद आणि सुरतेचा इंग्रजी कागद एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं. शिवकालाच्या आपल्या रूढ तारखा, १९ फेब्रुवारी धरून, ज्यूलियन आहेत. दोन्हीकडची पत्रं एकत्र वापरणाऱ्यानं कोणती गणना धरली ते पहिल्याच टिपेत एकदा सांगावं.

आता पेशवाईतल्या पत्रांकडे. तिथं बहुधा शकही नसतो. ‘छ’ घालून मुसलमानी महिन्यातला चंद्र आणि पुढं सुहूर सन अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे उदाहरण घ्या. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हा सन मृग नक्षत्र लागताना बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हा १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंतचा, पानिपतचा सन. हे चार शब्द पहिल्यांदा स्वतः उलगडले तेव्हा झालेला आनंद मला अजून पुरतो. प्रत्येक विद्यार्थ्यानं तो घ्यावा, तयार तक्त्यावर अवलंबून राहू नये.

पण छापील खंडांतून ही पत्रं वाचताना एक गोष्ट फार जपायला हवी. सरदेसायांनी १९३०पासून काढलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड बहुतेकांच्या टिपांत असतात. तिथं पत्राच्या माथ्यावरची इंग्रजी तारीख संपादकाची असते, पत्रलेखकाची नव्हे. बहुतेक वेळा ती बरोबर असते. काही पत्रांवर मुळात सालच नसतं, आणि तिथं मजकुरावरून बांधलेला अंदाज असतो. टिपेत खंड आणि लेखांक द्यायचा हे गेल्या वेळी ठरलंच आहे. त्याला आता जोड द्या : पत्रातली मूळ मिती, मग कंसात संपादकाची तारीख, आणि ती संपादकाची आहे हे सांगणारे दोन शब्द. अख्खं प्रकरण एखाद्या पत्राच्या तारखेवर उभं असेल तर संपादकाचं गणित स्वतः करून पाहा.

सरकारी प्रकाशनांवर शेवटची एक सूचना. २२ मार्च १९५७पासून भारतीय सौर दिनदर्शिका चालू आहे. तिचाही शकच, महिन्यांची नावंही बहुतेक तीच, पण ते महिने चंद्राचे नाहीत. सौर पौष २२ डिसेंबरला लागतो, म्हणून ११ पौषाला १ जानेवारी येते आणि तिथून ७९. ‘सौर’ हा शब्द छापलेला असेल तर तो टिपेतही ठेवा.

हिजरी सन आणि फसली अजून राहिलेत. विशेषतः फसलीबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांकडे जमिनीचे जुने कागद असतील, तर त्यांवरची मिती जशी आहे तशी उतरवून पाठवा. पुढचा लेखांक त्यांवरच करतो. आडनावांना आणखी एक आठवडा थांबावं लागेल.