दोन खोऱ्यांची काळी माती

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधील अरुंद घळीतून बाहेर पडली, की नर्मदा एका प्रशस्त मैदानात प्रवेश करते. जबलपूरपासून पश्चिमेस हंडियापर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा हा गाळाचा प्रदेश पसरलेला आहे. त्याच्या उत्तरेस विंध्याची रांग आहे आणि दक्षिणेस सातपुडा. येथील खोल काळ्या जमिनीत गहू व हरभरा यांची पिके पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत, आणि विहिरींचे पाणी सामान्यतः गोडे आहे.

सातपुडा ओलांडून दक्षिणेस उतरले, म्हणजे असेच दुसरे एक मैदान लागते. ते पूर्णा नदीचे होय. बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीस मिळते. येथेही उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्या मध्ये गाळ साचलेला असून काही ठिकाणी त्याची जाडी तीनशे मीटरांहून अधिक आहे. माती येथेही काळी आणि खोलच आहे. परंतु नदीच्या दोन्ही अंगांस सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्याने भिजविलेले शेत काही वर्षांत घट्ट होऊन नापीक बनते. सुमारे नऊशे गावांच्या या प्रदेशास लोक ‘खारपाण पट्टा’ म्हणतात.

दोन्ही खोरी भूकवचातील एकाच विशाल भंगपट्ट्याशी निगडित आहेत. दोन्हीकडील गाळात बेसाल्ट खडकाच्या झिजेचा मोठा वाटा आहे. मग एका खोऱ्यात गोडी आणि दुसऱ्यात खार, हा भेद कशाने पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना खाऱ्या जमिनींचे बहुतेक सारे शास्त्र ओघाने समजते.

जुन्या तळ्यांचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांपुढे पहिला प्रश्न असा होता, की हे गाळ नदीने वाहून आणून पसरले, की एखाद्या प्राचीन तळ्याच्या तळाशी साचले? खोऱ्यांचा आकार खोलगट असल्याने तळ्याची कल्पना सहज सुचण्यासारखी होती. पूर्णेच्या बाबतीत तर जमिनीतील मीठ हाच कोणी पुरावा मानावा, अशी स्थिती होती. ए. बी. विन यांनी १८६९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनात पूर्णा खोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अकोल्याच्या उत्तरेस दहिहंड्याच्या परिसरात त्या काळापूर्वी खाऱ्या विहिरींचे पाणी उपसून मीठ तयार करीत असत. आज हे गाळ मुख्यत्वे नदीनेच आणले असे मानले जाते. मात्र खोलगट खोऱ्यात मंद गतीने साचलेला बारीक गाळ आणि आटलेल्या तळ्याचा तळ यांचा स्वभाव पुष्कळ अंशी सारखाच असतो.

खऱ्याखुऱ्या प्राचीन तळ्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या युटा राज्यात आढळते. तेथे हिमयुगात बॉनव्हिल नावाचे विस्तीर्ण सरोवर होते आणि त्याची खोली सुमारे तीनशे मीटरांपर्यंत होती. हवामान कोरडे होत गेले तसे सरोवर टप्प्याटप्प्याने आटले. पाणी ज्या ज्या पातळीवर दीर्घकाळ थांबले, तेथे तेथे डोंगरांच्या कुशीत पायरीसारख्या वेदिका कोरल्या गेल्या. जी. के. गिल्बर्ट यांनी १८९० मध्ये या सरोवरावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रेट सॉल्ट लेक हा त्याच सरोवराचा उरलेला अंश होय. वरच्या वेदिकांवर लाटांनी वाळू व गोटे टाकले. तेथून पाणी सहज झिरपते, म्हणून क्षार धुऊन जातात. खालच्या सपाट भागात मात्र शांत पाण्यातील अतिसूक्ष्म चिकणमाती बसली. पाणी तिच्यातून खाली उतरत नाही, वर मात्र उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्या कुरणांत आज खाऱ्या जमिनीस सोसणारी झुडपेच काय ती तग धरतात.

आपल्याकडे हीच क्रिया लोणार येथे चालू असलेली दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील हे तळे उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. झरे व ओढे आत येतात, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही. त्यामुळे त्याचे पाणी अतिशय क्षारमय व अल्कलीधर्मी झाले असून पूर्वी तेथील सोडा गोळा करून विकला जात असे. आत येणारे झऱ्याचे पाणी गोडे असते आणि तळ्यात साचलेले पाणी खारे होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

खार येतो कोठून?

मीठ म्हटले की समुद्र आठवतो. परंतु पूर्णेच्या खाराचे बरेचसे स्पष्टीकरण समुद्रावाचूनही देता येते. बेसाल्टातील खनिजांत कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम ही तिन्ही मूलद्रव्ये असतात. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते, खनिजांची झीज करते आणि ही द्रव्ये बायकार्बोनेटांच्या रूपाने विरघळवून नेते.

पाऊस मुबलक असेल, तर हे द्रावण जमिनीतून निथळून नदीवाटे दूर जाते. जबलपूरकडे वर्षास सरासरी १,३०० मिलिमीटरांच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो. अकोल्याकडे तो सुमारे ८०० मिलिमीटरच असतो, आणि उन्हाळा कडक. तेथे द्रावण खोलवर जाण्यापूर्वीच त्यातील पाणी उडून जाते. द्रावण आटू लागले, की सर्वांत कमी विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट प्रथम बाहेर पडते. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे याच क्रियेने बनतात. कॅल्शियम असे खड्यांत बंदिस्त झाल्यावर उरलेल्या द्रावणात सोडियमचे प्रमाण आपोआप वाढते. म्हणजे चुनखडी तयार होणे आणि जमीन बिघडणे या दोन गोष्टी एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

खारवट आणि चोपण

शेतकऱ्यांच्या भाषेत बिघडलेल्या जमिनीस दोन निरनिराळी नावे आहेत, आणि शास्त्राने त्या भेदास दुजोराच दिला आहे. ‘खारवट’ जमिनीत विरघळणारे क्षार अधिक असतात. कोरड्या दिवसांत तिच्या पृष्ठावर पांढरा थर फुलतो. माती मात्र भुसभुशीत राहते. ‘चोपण’ जमिनीत मोकळे क्षार थोडे असतात, परंतु मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ती ओली असता चिकट व निसरडी होते, वाळली की दगडासारखी कठीण बनते आणि पावसाचे पाणी तिच्यावर गढूळ होऊन दिवसेंदिवस उभे राहते.

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारजमीन प्रयोगशाळेने १९५४ मध्ये या भेदास आकड्यांचे रूप दिले. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक असेल, तर जमीन खारवट समजावी. कणांना चिकटलेल्या एकूण धनभारित आयनांपैकी शेकडा १५ हून अधिक सोडियम असेल, तर ती चोपण समजावी. अशा जमिनीचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो.

काळ्या मातीत ही शेकडा १५ ची मर्यादा पुरेशी सावध ठरत नाही. काळी माती ही फुगणाऱ्या चिकणखनिजांची बनलेली असते. त्यांचे पापुद्रे कॅल्शियममुळे एकमेकांस धरून राहतात, तर सोडियममुळे ते सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन संस्थेच्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातील जमिनी तपासल्या, तेव्हा सोडियमचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास असतानाही पाण्याचा निचरा मंदावून पिकास अपाय होतो असे आढळले. रूढ मोजमापाने जी जमीन निर्दोष ठरली असती, ती प्रत्यक्षात आजारी होती.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग

काचेच्या दोन पेल्यांत थोडी थोडी काळी माती घ्यावी. एका पेल्यात मिठाचे तीव्र पाणी ओतून ढवळावे व माती बसू द्यावी. वरचे पाणी ओतून टाकून हीच कृती तीनचार वेळा करावी. दुसऱ्या पेल्यातील मातीस मिठाऐवजी जिप्समचे पाणी द्यावे. आतापर्यंत दोन्ही पेल्यांतील माती खाली बसलेली दिसेल. नंतर पहिल्या पेल्यातील मिठाचे पाणी काढून तेथे स्वच्छ पावसाचे पाणी घालावे आणि तेही दोनतीनदा बदलावे. दुसऱ्या पेल्यातही तसेच करावे. पहिल्या पेल्यातील पाणी गढूळ होऊन बराच वेळ तसेच राहील, दुसऱ्यातील लवकर निवळेल.

या साध्या प्रयोगात एक मोठा धडा आहे. मिठाचे तीव्र द्रावण असेपर्यंत माती विस्कटत नाही. मीठ धुऊन निघाले आणि सोडियम कणांना चिकटून राहिला, म्हणजे ती विस्कटते. म्हणून सोडियमबहुल खारवट जमीन नुसत्या गोड्या पाण्याने धुतली, तर ती सुधारण्याऐवजी चोपण बनण्याचा संभव असतो. धुण्याबरोबर कॅल्शियमचा पुरवठा झाला पाहिजे.

पाण्याचा मोह

खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्यापुढील खरी अडचण येथेच आहे. पावसाने ओढ दिली, पीक माना टाकू लागले आणि विहिरीत पाणी दिसत असले, तर ते न देणे फार कठीण जाते. परंतु त्या पाण्याचा हिशेब करून पाहावा. समजा, एका लिटरात केवळ २ ग्रॅम क्षार आहेत. एका हेक्टरास ५ सेंटीमीटर उंचीचे एक पाणी द्यावयाचे, तर ५ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीत एक टन क्षार शेतात येऊन पडतात. चार पाळ्यांत चार टन होतात, आणि निचरा नसल्यामुळे त्यांतील बहुतेक तेथेच राहतात. एका हंगामाचे पीक वाचविताना पुढील अनेक हंगामांची जमीन गमावली जाते.

गोडे पाणीही निचऱ्यावाचून घातक ठरू शकते. पश्चिम यमुना कालव्याखालील मुनक गावच्या शेतकऱ्यांनी जमिनीवर खार पसरत असल्याची तक्रार १८५५ मध्येच केली होती. कालव्याच्या पाझराने भूजल वर चढले आणि केशाकर्षणाने तळचा खार पृष्ठावर आला. त्याच कर्नाल परिसरात १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तर याहून बिकट आहे. गोडे पाणी दुरून आणावे लागे, आणि तो भार बहुधा घरच्या स्त्रियांवर पडे. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांविषयीची चिंता वारंवार व्यक्त झालेली आहे.

उपाय

जबलपूर व नरसिंहपूरकडील शेतकऱ्यांनी भारी काळ्या जमिनीसाठी ‘हवेली’ नावाची पद्धत पूर्वीच शोधून काढली होती. शेताभोवती बांध घालून पावसाळाभर पाणी साठवावयाचे, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यावयाचे आणि वाफसा येताच गहू वा हरभरा पेरावयाचा. साठलेल्या पाण्याने तण मरे, ओल खोलवर मुरे आणि क्षारही खाली दाबले जात असावेत. जबलपूर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या प्रयत्नांनी पुढे सोयाबीनचा प्रसार झाला, आणि खरिपात शेत पाण्याखाली ठेवण्याची ही पद्धत मागे पडत गेली. नर्मदेकाठच्या बडवाह येथील प्रक्षेत्रावर चोपण काळ्या जमिनींच्या सुधारणेचे प्रयोगही याच विश्वविद्यालयाच्या कार्यक्षेत्रात झाले.

पूर्णेकाठी हवेलीची जशीच्या तशी नक्कल करून भागणार नाही. तेथे प्रथम निचऱ्याची वाट करून दिली पाहिजे. शेताच्या उतारास धरून चर काढावेत. त्यानंतर जिप्सम द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटाच्या रूपाने पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो. मातीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटविण्यास हेक्टरी सुमारे पावणेदोन टन शुद्ध जिप्सम लागते. म्हणून माती तपासल्यावाचून मात्रा ठरवू नये. धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडल्याने मातीत सेंद्रिय द्रव्य वाढते आणि मुळांच्या वाटांनी पाणी खाली उतरू लागते. विहिरीच्या पाण्याऐवजी शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी पिकास ऐन गरजेच्या वेळी द्यावे. एकदोन पाळ्या मिळाल्या, तरी हरभऱ्यासारखे पीक हाती लागते.

यांपैकी कोणताही उपाय एका वर्षात फळ देणारा नाही. खार साचण्यास हजारो वर्षे लागली आहेत. परंतु निचरा, कॅल्शियम आणि गोडे पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर माणसाच्या आयुष्यातच जमीन पालटू शकते. नर्मदेच्या खोऱ्यात निसर्गाने जे काम भरपूर पावसाच्या बळावर केले, ते पूर्णेच्या खोऱ्यात मोजक्या पावसाचा थेंब न्‌ थेंब राखून माणसाला करावयाचे आहे.